पैसे येईपर्यंतचे दिवस

नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटच्या भाजीपाला आवारात पहाटे माल उतरतो, उजाडेपर्यंत विकला जातो आणि त्यातला बराचसा उधारीवर जातो. किरकोळ विक्रेता गाळ्यावरून माल उचलतो, मेहताजी वहीत आकडा टाकतो, पैसे काही दिवसांनी येतात. शेतकऱ्याची पट्टी मात्र त्याच दिवशी चुकती करावी असा नियम आहे. म्हणजे ज्याचा माल आला त्याला आज द्यायचे आणि ज्याने माल नेला त्याच्याकडून पुढच्या आठवड्यात घ्यायचे. मधल्या दिवसांचा भार अडत्याच्या भांडवलावर पडतो. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. त्यावरून बंद झाले, चर्चा झाल्या. पण आज द्यायचे आणि उद्या यायचे, यांमधले दिवस तसेच राहिले.

या आवारात पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराचे मूल घरातून पहिल्यांदा पदवीला जाते, तेव्हा त्याच्यापुढेही हाच पेच येतो. जून-जुलैत प्रवेशाचे शुल्क, रेल्वेचा पास, पुस्तके, बाहेरगावचे असेल तर खोलीचे डिपॉझिट, सगळे एकदम भरायचे असते. शिष्यवृत्ती, निर्वाह भत्ता, वडिलांचा दिवाळीचा बोनस, अर्धवेळ कामाचा पगार यांतले काहीच तेव्हा हातात नसते. विद्यार्थ्यांच्या पैशांवर लिहिणारे बहुतेक जण उधळपट्टीपासून सुरुवात करतात: कॅफे, मोबाइल, कपडे. उधळपट्टी असतेच आणि तिच्याबद्दल बोलायलाही हवे. पण नव्या विद्यार्थ्याला पहिल्या कर्जाकडे ढकलते ती बहुधा देण्या-येण्याच्या तारखांमधली ही दरी, असे माझे मत आहे. बाजाराने पिढ्यान् पिढ्या या दरीसाठी रिवाज घडवले. विद्यार्थी तिच्यापुढे एकटा असतो, हातात फोन घेऊन.

माथाडी कुटुंबांचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण पैशाची तारीख निश्चित होण्याने घर कसे बदलते हे या लोकांनी पाहिले आहे. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत हमाली करणारा सातारा-सांगलीकडचा, जुन्नर-आंबेगावकडचा माणूस एकेकाळी मुकादमाच्या आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगत होता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे होऊ लागली, व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरू लागला, आणि मंडळाकडून टोळीतल्या प्रत्येकाला महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस मिळू लागला. कष्ट तेवढेच राहिले. पैसे कधी येणार हे मात्र कळू लागले आणि त्यामुळे पतपेढीचा हप्ता ठरवता येऊ लागला, सिडकोच्या घराचे पैसे भरता येऊ लागले, मुलांना शिकवता येऊ लागले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये आणि भाजी-फळांचा १९९६ मध्ये मुंबईहून इकडे आला, त्यामागोमाग कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत ही कुटुंबे स्थिरावली.

ज्या साताऱ्याकडून ही माणसे आली त्याच जिल्ह्यातल्या काले गावी १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ‘कमवा आणि शिका’ ही तिची ओळख. वाशीत, या बाजारापासून फार दूर नाही, रयतचेच कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आहे. कमवा-शिकाची योजना आज राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात तासावर काम करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. रक्कम मोठी नसते. तरी नव्या विद्यार्थ्यासाठी हा सगळ्यांत निरोगी पैसा आहे, असे मला वाटते. तो स्वतःचा असतो, ठरलेल्या तारखेला येतो आणि वेळापत्रक सांभाळून मिळतो. रात्रभर पार्सल पोहोचवून मिळणारे पैसे याहून जास्त असतात. पण पहिल्या वर्षी सकाळच्या तासाला झोपणारा विद्यार्थी वर्ष गमावतो आणि एका वर्षाची किंमत कोणत्याही कमाईपेक्षा मोठी असते.

खर्च किती येतो याचा एक सरकारी अंदाज उपलब्ध आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मदत मिळते. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. दहा महिने धरले तर जेवणाला महिन्याला ३,२००, म्हणजे दिवसाला साधारण १०७ रुपये. दोन वेळची मेस लावली तर हे जेमतेम पुरतात, नाश्ता त्याबाहेर राहतो. निवासाच्या २,००० रुपयांत वाशी-कोपरखैरण्यात धड कॉटही मिळणे अवघड. तरीही हे आकडे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने, कोणत्याही जातीचा असो, कागदावर मांडून पाहावेत. जेवण, राहणे, प्रवास या तीन ओळी आधी भरायच्या आणि खाली जे उरेल तेच खिशातले पैसे. प्रवासाच्या ओळीत एक साधी बचत आहे: महाविद्यालयाचा दाखला दिला की लोकलचा मासिक पास विद्यार्थ्याला निम्म्या दरात मिळतो. पहिल्या महिन्यात दाखल्यासाठी धावपळ नको म्हणून पूर्ण दराचा पास काढणारी मुले पुष्कळ असतात.

आता शिष्यवृत्तीकडे. महाडीबीटी पोर्टलवर सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन, उच्च शिक्षण अशा विभागांच्या योजना एकत्र आल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शेवटची योजना बाजाराच्या परिसरातल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण ती अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे, आणि माथाडी कुटुंबांत एक पाय गावच्या तुकड्यात आणि एक बाजारात असे अनेकांचे असते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफीही मिळाली.

योजना कागदावर चांगल्या आहेत, दुखणे तारखेचे आहे. अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी, जिल्हा कार्यालयाची मंजुरी, देयक, निधी, मग खात्यात जमा. यातली एक पायरी अडली की शैक्षणिक वर्ष संपत येते, तरी पैसे येत नाहीत. त्यात एक तांत्रिक खोच मुलांना फार महाग पडते. आधारवर आधारित रक्कम ज्या बँकेशी आधार सर्वांत शेवटी जोडले गेले त्या खात्यात जाते. कॅशबॅकसाठी किंवा कुणाच्या आग्रहाखातर नवे खाते उघडले आणि तिथे आधार जोडले, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते आणि विद्यार्थी जुन्या खात्याचे पासबुक भरत राहतो. अर्ज केल्यापासून पैसे जमा होईपर्यंत आधार जोडणीला हात लावू नये.

या दरीवर एक पूर्ण व्यवसाय उभा राहिला. २०१६ च्या आसपास बंगळुरूत क्रेझीबी आणि स्लाइसपे, कोलकात्यात एमपॉकेट अशा कंपन्या निघाल्या. बँक ज्या विद्यार्थ्याकडे पाहत नव्हती त्याला हजार-दोन हजारांचे कर्ज किंवा हप्त्यावर मोबाइल देणे हा त्यांचा प्रारंभीचा धंदा होता. पुढे प्रीपेड कार्डांवर कर्जाची मर्यादा भरून ती क्रेडिट कार्डांसारखी चालवली गेली. २० जून २०२२ ला रिझर्व्ह बँकेने वॉलेट आणि प्रीपेड कार्डांत उधारीची रक्कम भरणे थांबवले आणि हा प्रकार बंद पडला. लहान मुदतीची कर्जे मात्र चालूच राहिली.

त्यांचा हिशेब एकदा सावकाश करू. समजा ३,००० रुपयांचे कर्ज ३० दिवसांसाठी घेतले. प्रक्रिया शुल्क ३०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४, असे ३५४ रुपये आधीच कापले गेले. हातात आले २,६४६. व्याज महिन्याला ३ टक्के, म्हणजे ९०. फेडायचे ३,०९०. २,६४६ रुपये महिनाभर वापरण्याची किंमत ४४४ रुपये, म्हणजे महिन्याला पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास आणि वर्षाच्या हिशेबाने दोनशे टक्क्यांच्या वर. जाहिरातीत ‘फक्त ३ टक्के’ एवढेच दिसते. तुलनेसाठी: महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना तो कायदा लागू नाही. व्याज मुद्दलाहून वाढू न देण्याचा दामदुपटीचा दंडक या भूमीत जुना आहे. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर चार वर्षांनी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. कर्जाच्या अटींवर समाजाने हक्काने बोलावे ही रीत आपल्याकडे नवी नाही.

नियम आहेत आणि ते विद्यार्थ्याच्या बाजूचे आहेत. डिजिटल कर्जांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आणि त्यांची जागा घेणारे मे २०२५ चे निर्देश सांगतात की कर्जदाराला मुख्य माहितीपत्रक दिलेच पाहिजे, त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला हवा, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत. किमान एका दिवसाची मुदत अशी मिळते की मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन, दंडाशिवाय कर्ज परत करता येते. फार तर प्रक्रियेचा थोडा खर्च कापला जातो. ॲपला फोनमधली संपर्कयादी, फोटो, कॉलची नोंद पाहण्याचा अधिकार नाही. ही अट कागदी वाटू नये. वसुलीवाले नातेवाइकांना, मैत्रिणींना फोन करून बदनामीची धमकी देतात तेव्हा त्यांची ताकद या यादीतूनच आलेली असते. जे ॲप संपर्कयादी मागते ते तिथेच पुसून टाकावे. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्ज-ॲपची सूची आहे. त्यात नाव नसेल तर पुढे जाऊ नये.

क्रेडिट कार्डाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात: कार्ड म्हणजे विष, नाहीतर कार्ड म्हणजे पत उभारण्याचा राजमार्ग. विद्यार्थ्याला उत्पन्न नसल्याने त्याला बहुधा मुदत ठेवीवरचे कार्ड मिळते, आणि ते तितके वाईट नाही, कारण मर्यादा ठेवीएवढीच राहते. धोका ‘किमान देय’ या ओळीत आहे. दहा हजारांच्या बिलातले पाचशे भरले, तर उरलेल्या साडेनऊ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ३३२ रुपयांचे व्याज, वर त्याचा जीएसटी. पुढच्या महिन्यात थकबाकी जवळपास ९,८९२. पाचशे देऊन कर्ज जेमतेम शंभराने घटले, शिवाय नव्या खरेदीला व्याज पहिल्या दिवसापासून. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये अशा थकबाकीच्या व्याजावर वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली, त्यामुळे आता हात आखडण्याचे काम कार्डधारकालाच करायचे आहे. पूर्ण बिल भरण्याइतके पैसे खात्यात आधीच असतील तरच कार्ड वापरावे, नसतील तर नाही. यात मधला मार्ग मला दिसत नाही.

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. भारतीय स्टेट बँकेने एका निवडलेल्या उमेदवाराची नेमणूक त्याच्या कर्जाच्या इतिहासात थकबाकीच्या नोंदी आढळल्यामुळे रद्द केली. आपण नंतर कर्ज फेडले, असे त्याचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. महाराष्ट्रात गावोगावच्या अभ्यासिकांत या परीक्षांसाठी वर्षानुवर्षे बसणारी मुले आहेत. एकोणिसाव्या वर्षी घेतलेले दोन हजारांचे कर्ज, हप्ता चुकला तर, त्यांच्या पंचविसाव्या वर्षाच्या नोकरीच्या आड येऊ शकते. सिबिलसह प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. तो वर्षातून एकदा मागवावा आणि आपल्या नावावर न घेतलेले कर्ज तर दिसत नाही ना, हेही पाहावे.

बाजारातली उधारी आणि फोनमधली उधारी यांतला खरा फरक मला व्याजापेक्षा साक्षीत दिसतो. एखाद्या किरकोळ विक्रेत्याने एका गाळ्याची वसुली थकवली की शेजारच्या गाळ्याला ते कळते आणि तो त्याला नवा माल देताना हात आखडतो. पतपेढीत कर्जाला जामीनदार लागतात. टोळीतल्या माणसाची सही घेताना कर्ज कशाला हवे हे सांगावे लागते, आणि पुष्कळदा त्या सांगण्यातच अर्धे कर्ज अनावश्यक ठरते. रात्री अकरा वाजता ॲपवरून घेतलेल्या कर्जाला कोणी विचारत नाही. पहिले कर्ज फेडायला दुसरे घेतले तरी घरात कळत नाही. कळते तेव्हा ते पाच-सहा ॲपचे झालेले असते. म्हणून विद्यार्थ्याने कोणतेही कर्ज घेण्याआधी घरातल्या किंवा मैत्रीतल्या एका माणसाला सांगावे, आणि ज्याला सांगितले त्याने रागावू नये. दुसरी अट पहिलीहून अवघड आहे. आईवडिलांचे पहिले वाक्य ‘कशाला उधळतोस’ असे असेल तर पुढच्या वेळी मूल घरी सांगण्याऐवजी ॲपच उघडेल.

घराकडून पैसे कसे द्यावेत याबद्दल माझे मत ठाम आहे: पहिले सहा महिने दर आठवड्याला. महिन्याच्या पैशांचा अंदाज यायला अनुभव लागतो आणि चुकला तर शेवटचे बारा दिवस कोरडे जातात. आठवड्यात चुकले तर सोमवारपर्यंत निभावता येते. यूपीआय सर्कल या ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या सोयीत वडील आपल्या खात्यातून मुलाला खर्चाची मुभा देऊ शकतात, पूर्ण मुभेत महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. प्रत्येक व्यवहाराला मंजुरी देण्याचाही पर्याय आहे. अडीअडचणीला ही सोय चांगली. रोजच्या वडापावाला मात्र वडिलांची मंजुरी लागू नये, अठरा वर्षांच्या माणसाला स्वतःच्या खात्यातून हिशेब शिकू द्यावा. बाजारातल्या घरांत भिशी चालते, तिच्यात मुलाचा लहानसा वाटा घालून पुढच्या जूनचे शुल्क त्या पाळीला बांधणारे पालक मला फार शहाणे वाटतात. भिशी ओळखीच्या माणसांची हवी, एवढेच.

सापळे आणखी दोन. कुणी म्हणाले की तुझे खाते महिनाभर वापरू दे, कमिशन देतो, तर ते पैसे बहुधा सायबर फसवणुकीचे असतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, तास मोजून. दुसरा सापळा वायद्याचा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. वायदा कायदेशीर आहे, पण वर्षाच्या शुल्काचे पैसे घेऊन तिथे जाणे हा जुगारच.

शिक्षणकर्ज हा वेगळा विषय. ते घ्यायला लाजू नये. साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेमुळे तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी जामीनदारही नको, आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्क्यांची सूट. फेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने सुरू होते. त्याची मुदत शिक्षणाच्या फळाशी जुळलेली आहे, ॲपच्या कर्जाची मुदत कशाशीच जुळलेली नाही. पण शिक्षणकर्ज जुलैतला आठवडाभराचा खड्डा भरत नाही, त्याच्या मंजुरीलाच कितीतरी दिवस जातात.

तो खड्डा भरणारी व्यवस्था आपल्याकडे उभी करता येईल. कामगारांच्या पतपेढ्या आहेत, महाविद्यालयांत सेवकांच्या पतसंस्था आहेत, रयत सेवकांची तर स्वतःची सहकारी बँक आहे. पोर्टलवर ज्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसतो त्याला त्या रकमेच्या आत, पालकाच्या आणि आणखी एका सभासदाच्या सहीवर, शिष्यवृत्ती येईपर्यंतचे कर्ज देता येईल. पोटनियम बदलावे लागतील, जोखीम थोडी राहील, पण ती अडत्याने रोज पहाटे पत्करलेल्या जोखमीपेक्षा जास्त नाही. उरतो प्रश्न शिष्यवृत्ती लांबली तर व्याज कोणी भरायचे याचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे बिल १४ दिवसांत दिले नाही तर कारखान्याला वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. मंजूर शिष्यवृत्तीलाही अशीच मुदत लिहून द्यावी, आणि ती उलटल्यावरचे व्याज विद्यार्थ्याच्या घराऐवजी ज्या विभागाकडे रक्कम अडकली त्याने भरावे.